मोटारीची तार, बँजोचा सूर

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या संगीताविषयी जे काही लिहिले जाते त्यात भजन-कीर्तन येते, शाहिरी आणि आंबेडकरी जलसा येतो, माळेगावच्या जत्रेतला तमाशा येतो, कंधारच्या उरुसातली कव्वाली येते, हजूर साहिबमधले गुरबानी कीर्तन येते. बँजो मात्र येत नाही. वरातीत, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत, गणपतीच्या विसर्जनात ज्याच्या तारेचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू येतो, ते वाद्य इतिहासलेखकांच्या कानावर पडलेले दिसत नाही.

या वाद्याकडे मी वळलो ते एका वेगळ्याच प्रश्नामुळे. स्वतःची इलेक्ट्रिक गिटार स्वतः बांधणे हा छंद आता आपल्याकडेही आला आहे. लातूर-नांदेडच्या वसतिगृहांत नीटची तयारी करणारी मुले सुटे भाग मागवतात, लाकूड कापतात, तारा जोडतात. हा छंद अमेरिकेतून आला आणि आपल्या भागात त्याला कसलीही पूर्वपीठिका नाही, असे सगळेच गृहीत धरतात. मला ते पटत नाही. विजेवर चालणारे तंतुवाद्य हाताने बांधण्याची, बिघडले की उघडण्याची आणि आपल्या मर्जीप्रमाणे बदलण्याची विद्या आपल्याकडे आहे. फक्त ती गिटारच्या नावावर नाही, बँजोच्या नावावर आहे.

नाव एकाचे, वाद्य दुसऱ्याचे

आपण ज्याला बँजो म्हणतो, खेड्यात ज्याला ‘बेंजो’ म्हणतात, त्याचा अमेरिकन बँजोशी केवळ नावापुरता संबंध आहे. अमेरिकन बँजो गोल, चामड्याने मढवलेला आणि लांब मानेचा. त्याचे मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या वाद्यांत आहे. आपला बँजो म्हणजे लांबट पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि तारांवर टाइपरायटरसारख्या बटणांची रांग. डाव्या हाताने बटण दाबायचे की त्याखालची पट्टी तारेवर टेकते आणि तारेची लांबी कमी होते. उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. हिंदीत याला बुलबुल तरंग म्हणतात.

हे वाद्य जपानी आहे. १९१२ साली, म्हणजे जपानमध्ये ताइशो राजवट सुरू झाली त्याच वर्षी, नागोया शहरात मोरिता गोरो यांनी ते तयार केले. टाइपरायटरची बटणे आणि कोतो या पारंपरिक तंतुवाद्याच्या तारा त्यांनी एकत्र आणल्या आणि नाव दिले ‘ताइशोगोतो’. स्वस्त, हलके आणि शिकायला सोपे असल्यामुळे ते बंदराबंदरांतून हिंदी महासागरभर पसरले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते ताराब संगीतात शिरले. बलुचिस्तानात त्याचा आकार वाढला, त्याला ‘बेंजू’ म्हणू लागले, आणि तिथल्या कलावंतांनी त्याला मैफिलीचा दर्जा दिला. बलुची बेंजू आणि मराठी बँजो ही एकाच जपानी आईची लेकरे आहेत.

मराठी मुलखात या वाद्याला दोन घरे मिळाली. एक कव्वालीचे आणि भीमगीतांचे. हार्मोनियम, ढोलक आणि बँजो ही तिथली ठरलेली बैठक. दुसरे मिरवणुकीचे; यातूनच ‘बँजो पार्टी’ हा शब्द रूढ झाला. मराठवाड्यात ही दोन्ही घरे शेजारी होती, कारण उरूस, जयंती आणि वरात यांत वाजवणारी माणसे पुष्कळदा तीच असत. नांदेडचा जुना व्यवहार हैदराबादशी. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ साली आली आणि तेथील बाजार बार्शी-सोलापूरमार्गे मुंबईला जोडला गेला. त्यामुळे एका जिल्ह्याच्या कानावर दख्खनी कव्वाली जास्त पडली आणि दुसऱ्याच्या कानावर मुंबईची गाणी.

विजेची पहिली गिटारही आडवीच होती

बँजोला गिटारच्या घराण्यात बसवले की काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल. त्यांनी विजेच्या गिटारचा इतिहास पाहावा. पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून वाजवायची नव्हतीच. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. १९३१ साली कॅलिफोर्नियात जॉर्ज बोशांप यांनी तिचा लाकडी नमुना तयार केला. तवा-दांड्यासारख्या आकारामुळे तिला पुढे ‘फ्राइंग पॅन’ हे टोपणनाव पडले. तिच्या चुंबकाभोवतीचे तांब्याचे वेटोळे गुंडाळण्यासाठी त्यांनी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार वापरली, असे सांगितले जाते.

पुढची नावेही कारागिरांचीच आहेत. लेस पॉल हे नामांकित वादक, पण त्यांनी १९४० च्या सुमारास एका चौकोनी लाकडी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवून ‘लॉग’ नावाची गिटार केली. दोन्ही बाजूंना जुन्या गिटारचे अर्धे भाग जोडले ते केवळ ती गिटारसारखी दिसावी म्हणून. लिओ फेंडर हे तर रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणारे. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. १९५० साली त्यांनी बाजारात आणलेल्या गिटारची मान चार स्क्रूंनी धडाला जोडलेली होती. एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलायचा, हा दुरुस्तीवाल्याचा विचार. आजचा सगळा छंद त्या चार स्क्रूंवर उभा आहे.

या छंदाचे सर्वांत गाजलेले उदाहरण लंडनचे आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये ब्रायन मे या शाळकरी मुलाने वडील हॅरॉल्ड यांच्या मदतीने घरीच गिटार बांधायला घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, तारा ताणणाऱ्या यंत्रणेसाठी जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा, मानेवरच्या ठिपक्यांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्यांची बटणे. हीच ‘रेड स्पेशल’ पुढे क्वीन या बँडमध्ये आयुष्यभर वाजली. त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. ही गिटार जगभर कौतुकाचा विषय आहे. पण जुने लाकूड आणि भंगारातली स्प्रिंग वापरून आपल्याकडचा मिस्त्री वाद्य बांधतो तेव्हा त्याला आपण ‘जुगाड’ म्हणतो. एकाच कृतीला दोन नावे देण्याची ही सवय माझ्या दृष्टीने इतिहासाच्या कामात आड येते.

रिवायंडिंगचे दुकान

बँजोला वीज जोडणे सोपे गेले याचे कारण त्याच्या तारेत आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती अॅम्प्लिफायर मोठी करतो. त्यासाठी तार पोलादाचीच हवी. पितळेची किंवा कांस्याची चालत नाही. तंबोऱ्याच्या पितळी खर्जाला अशा पिकअपचा उपयोग नाही. बँजोच्या तारा मात्र पहिल्यापासून पोलादी. ‘अहुजा’चा अॅम्प्लिफायर गावोगाव होता, भोंगाही होता. मधे फक्त एक वेटोळे हवे होते.

वेटोळे गुंडाळणारे हात मराठवाड्यात तालुक्याच्या प्रत्येक गावी आहेत. शेतीपंपाची वीज इथे कमी दाबाने येते, अवेळी येते, तीनपैकी एखादा फेज अचानक जातो, आणि मोटार जळते. म्हणून बाजारपेठेत खताच्या दुकानाइतकेच मोटार रिवायंडिंगचे दुकान आवश्यक असते. तिथे जळालेले वेटोळे सोडवून वेढे मोजतात, तारेची जाडी पाहतात, जुन्या तांब्याचे वजन करतात, आणि तेवढेच वेढे नव्या तारेने भरतात. पिकअप गुंडाळण्याची क्रिया याहून निराळी नाही. फरक आहे तो तारेच्या जाडीचा. पंख्याच्या मोटारीत साधारण ०.२ मिलिमीटरची तार लागते. गिटारच्या पिकअपमध्ये ०.०६ मिलिमीटरची, केसाइतकी, आणि तिचे सात-आठ हजार वेढे. अशी तार जुन्या रिलेतून, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून सुटते. बोटाचा ताण जरा वाढला तर ती तुटते, कमी झाला तर वेटोळे सैल पडते आणि मोठ्या आवाजात शीळ घालू लागते. हा अंदाज पुस्तकातून येत नाही.

पुढची अडचण गुणगुणण्याची. एकेरी वेटोळे तारेबरोबर आसपासच्या विजेचाही ५० हर्ट्झचा घुंगाट पकडते. मिरवणुकीत शेजारीच जनरेटर आणि दिव्यांच्या माळा असल्याने तो अधिकच. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उलट दिशेने गुंडाळलेली दोन वेटोळी जोडून यावर तोड काढली. आपल्याकडे पेटीला आतून धातूचा पातळ पत्रा लावून तो अर्थिंगला जोडणे हा सोपा उपाय. हे करणारा माणूस वायरमन असतो, आणि वायरमनला अर्थिंग शिकवावे लागत नाही.

सुताराच्या बाजूनेही बँजो सोयीचा आहे. गिटारमध्ये सर्वांत कठीण भाग म्हणजे मान. ताणाने ती वाकते, म्हणून तिच्यात पोलादी सळई घालावी लागते. बँजोला मान नाही. चांगले वाळलेले लाकूड असले की पेटी उभी राहते. किनवटच्या जंगलाचे सागवान या भागाला परके नाही. माळवदाच्या जुन्या घरांच्या तुळया-खांबांतूनही पिढ्यान्‌पिढ्या वाळलेले लाकूड मिळते.

पडद्यांचे गणित

लाकूड आणि वीज जमली तरी सूर जमावा लागतो. बारा समान स्वरांच्या पद्धतीत प्रत्येक पुढचा पडदा उरलेल्या तारेच्या १७.८१७ व्या भागावर येतो. ६४८ मिलिमीटरच्या तारेवर पहिला पडदा साधारण ३६.४ मिलिमीटरवर, बारावा बरोबर मध्यावर. जुने युरोपीय कारागीर सोयीसाठी १८ ने भागत. बँजोच्या बटणांचेही गणित हेच. शिवाय बटण दाबले की तार ताणली जाऊन सूर किंचित चढतो, म्हणून घोडी थोडी मागे सरकवावी लागते. चांगला कारागीर कोपऱ्यातल्या बटणापर्यंत कान लावून ती सरकवतो. वाजवणाऱ्याची पसंतीही इथेच शिरते: कुणाला बटण हलके हवे, कुणाला दुसरे पिकअप, कुणाला गिटारचे इफेक्ट पेडल जोडायचे असते.

प्रतिष्ठेचा प्रश्न

बटणे पक्की असल्याने बँजोवर खरी मींड येत नाही. हा आक्षेप रास्त आहे, पण तो हार्मोनियमवरही होता. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियम बंद केले आणि १९७१ पर्यंत ती बंदी टिकली. तरी हार्मोनियमचा वाद झाला, लेख आले, बाजू घेतल्या गेल्या. बँजोवर बंदी घालण्याची वेळच आली नाही. त्याला दारापर्यंत कुणी येऊ दिले नव्हते.

मिरजेचे उदाहरण समोर ठेवावे. तिथल्या शिकलगारांनी शस्त्रांना धार लावण्याचे काम सोडून एकोणिसाव्या शतकात सतारी करायला घेतल्या. संस्थानाचा आश्रय मिळाला, अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई तिथे राहिले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ते योग्यच झाले. तलवारीवरून सतारीकडे वळलेला हात आणि पंपाच्या मोटारीवरून पिकअपकडे वळलेला हात, दोन्हींत मला एकच गोष्ट दिसते: पोटाच्या धंद्यात कमावलेले कसब सुराच्या कामी आले. पहिल्याला दरबार मिळाला. दुसऱ्याला वरात मिळाली, आणि वरातीत वाजवणारी माणसे बहुतेक दलित, मुस्लिम, भटक्या समाजांतली. वाद्याची प्रतिष्ठा त्याच्या आवाजावरून कमी आणि ते कुणाच्या हातात आहे यावरून जास्त ठरली, असा माझा निष्कर्ष आहे. २०१६ साली रवी जाधव यांचा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात बँजोवाला रंगवणारे रितेश देशमुख लातूरचे. पण चित्रपटातला बँजो मुंबईचाच राहिला.

आता हा बँजो मागे पडतो आहे. त्याची जागा आधी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडने घेतली, मग डीजेने. डीजेला बांधणारा लागत नाही, भाड्याने देणारा लागतो. कीबोर्ड बिघडला तर अख्खा बोर्ड बदलतात. कारागीर थकला की त्याची जुनी पेटी भंगारात जाते आणि तिच्याबरोबर वेढ्यांचा आकडा, तारेची जाडी, घोडीची जागा, सगळे जाते.

म्हणून काही साधी कामे सुचवतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या आयटीआयनी मिळून तालुकावार नोंदवही करावी. प्रत्येक बँजोची तारेची लांबी, बटणांची संख्या, पेटीचे लाकूड, पिकअपचे वेढे आणि रोध मोजावेत. बांधणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे. वाजवून घेऊन ध्वनिमुद्रण ठेवावे. मल्टिमीटर, फूटपट्टी आणि मोबाइल एवढ्यावर हे काम होते.

आणि गिटार बांधणाऱ्या मुलांना एक सांगणे. पिकअपची तार तुटली की परदेशी सुटा भाग मागवण्याआधी जवळच्या रिवायंडिंगच्या दुकानात जावे. तिथले काका कदाचित गिटार पाहून हसतील, पण वेटोळे हातात घेतल्यावर पहिला प्रश्न नेमका विचारतील : वेढे किती?