अंगठा काय सांगतो, काय सांगत नाही

निरक्षर माणसाला आपण मराठीत सहज ‘अंगठाबहाद्दर’ म्हणून मोकळे होतो. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे कोलकात्यात काढल्यानंतर मात्र हा शब्द माझ्या तोंडी येईनासा झाला. अंगठ्याला शासकीय प्रतिष्ठा मिळाली ती याच बंगालच्या भूमीत.

१८५८ साली मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने रस्त्यासाठी माल पुरवण्याचा करार केला. ठेकेदार होते राज्यधर कोनाई. पुढे त्यांनी करार नाकारू नये म्हणून हर्शेलने त्यांच्या संपूर्ण तळहाताचा ठसा कागदावर घेतला. १८७७ मध्ये हुगळीला दंडाधिकारी असताना त्याने निवृत्तिवेतन, दस्तनोंदणी आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी बोटांचे ठसे घेण्याची पद्धत सुरू केली. मृत निवृत्तिवेतनधारकाच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलू नयेत, हा त्यातला एक हेतू होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात गंमत वाटते. ठसा दप्तरात आला तो चोर पकडण्यासाठी नव्हे, तर अनोळखी माणसांमधील व्यवहारात विश्वास स्वस्त व्हावा म्हणून.

पोलिसांनी तो उचलला नंतर. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठसे विभाग स्थापन झाला. लाखो ठशांतून नेमका एक कसा शोधायचा, ही खरी अडचण होती. अझिझुल हक यांच्या गणिती मांडणीने ठशांची विभागणी १,०२४ खणांत झाली आणि हेमचंद्र बोस यांनी पुढील वर्गीकरणात मोठी भर घातली. पद्धतीला नाव मात्र मिळाले पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांचे. टिपण कनिष्ठाचे आणि कीर्ती वरिष्ठाची, हा अनुभव सरकारी नोकरीत कोणाला नवा आहे?

१८९८ साली जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनाचा खटला चालला. मृताच्या सामानातील बंगाली पंचांगावर एक डाग सापडला होता. तो पूर्वी चोरीची शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी ठरवले, पण खुनाच्या आरोपातून सोडले. हात लागला हे सिद्ध झाले होते, पण त्या हाताने खून केला हे सिद्ध झाले नव्हते. ठशाच्या पुराव्याची मर्यादा त्या न्यायालयाने पहिल्याच पायरीवर ओळखली होती.

गेल्या काही वर्षांत रसायनशास्त्र नेमक्या या मर्यादेला भिडले आहे. ठसा म्हणजे केवळ रेषांची नक्षी नव्हे. त्यात घामातील क्षार, अमिनो आम्ले, त्वचेवरील स्निग्ध पदार्थ आणि बोटाला चिकटलेले जे काही असेल ते सारे उतरते. १९५४ साली स्वीडनमधील संशोधकांनी निनहायड्रिन वापरून कागदावरचे अदृश्य ठसे जांभळ्या रंगात उमटवले. तेव्हा रसायनाचे काम रेषा दाखवण्यापुरतेच होते. २००८ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने वेगळी वाट दाखवली. ठशावर विद्युतभारित द्रावकाच्या सूक्ष्म थेंबांचा फवारा मारायचा आणि त्यासरशी सुटणाऱ्या आयनांचे वस्तुमान मोजायचे. एकेका बिंदूवर असे मोजमाप करत गेले की प्रत्येक रसायनाचे स्वतंत्र चित्र तयार होते. अशा चित्रांत कोकेन आणि आरडीएक्स हे स्फोटक यांचे अंश दिसले. एकमेकांवर पडलेले दोन ठसेही रासायनिक फरकामुळे वेगळे करता येतात. २०१५ मध्ये ब्रिटनमधील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी कोकेन घेतल्यावर शरीरात तयार होणारी द्रव्ये ठशात ओळखून दाखवली. म्हणजे पदार्थ नुसता हाताळला की सेवन केला, हा भेदही आवाक्यात येऊ लागला.

तरीही सावध राहावे लागते. बोटावरील कण अनेक हातांतून फिरलेल्या नोटेवरूनही आलेला असू शकतो. ठसा किती जुना, हे ठामपणे सांगणे अजूनही कठीण आहे, कारण उष्णता, हवा आणि पृष्ठभाग यांनुसार त्यातील द्रव्ये वेगवेगळ्या वेगाने बदलतात.

आपल्याकडे १९२० च्या बंदी ओळख कायद्याची जागा २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने घेतली. त्यात बोटांचे ठसे आणि जैविक नमुने यांचा निरनिराळा उल्लेख आहे आणि नोंदी ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद आहे. पण ज्या ठशातून औषधे, व्यसने, कदाचित आजारही वाचता येतील, तो ठसा मानायचा की जैविक नमुना? ओळख पटवण्यासाठी दिलेल्या बोटातून त्याहून अधिक काही वाचण्याची मुभा कोणी आणि कोणत्या आदेशाने द्यायची? हे प्रश्न प्रयोगशाळेवर सोडून चालणार नाहीत. त्यांची उत्तरे प्रशासनालाच लिहून ठेवावी लागतील.

राज्यधर कोनाईंनी आपला हात कागदावर टेकवला तो एका करारापुरता. आज अंगठा टेकवणाऱ्यालाही आपण काय देत आहोत, हे ठाऊक असण्याचा अधिकार आहे. जलपायगुडीच्या न्यायालयाने दाखवलेला संयम यंत्र शिकवणार नाही. तो आपल्यालाच राखावा लागेल.