समुद्र डाव्या हाताला ठेवा

मोबाइल घरीच राहू द्या. डोक्यावर गवती हॅट चढवा, बुटांच्या नाड्या आवळा आणि कठडा घट्ट धरा. साल १८९८. ऐन उन्हाळा. इंग्लंडच्या दक्षिणेला, आइल ऑफ वाइट बेटाकडे निघालेल्या वाफेच्या बोटीवर तुम्ही दाटीवाटीनं उभे आहात. बाजूची चाकं धपाधप पाणी कापतायत, पायाखालच्या फळ्या थरथरतायत. धुराड्याची काजळी ओठांवर बसलीय. जीभ फिरवली की मीठ आणि कोळसा एकदमच लागतो. घामेजलेल्या लोकरी कोटांचा वास नाकात शिरतो. कुणाचं तरी पोर खुशाल तुमच्या बाहीला तोंड पुसतं.

समुद्रातून वर आलेले नीडल्सचे पांढरे सुळके मागे पडतात आणि सगळी गर्दी एकाच बाजूला लोटते. अ‍ॅलम बे! समोरचा कडा हळदीसारखा पिवळा, कुंकवासारखा लाल, मग विटकरी, राखी, जांभळट, मध्येच दुधासारखा पांढरा. आणि हे पट्टे आडवे नाहीत, चक्क उभे!

धक्क्यावर उतरा. तापलेल्या लाकडाचा वास, समुद्रपक्ष्यांचा कलकलाट, छत्र्यांची टोकं चुकवत चाललेली माणसं. घसा कोरडा पडलाय? लेमोनेडची बाटली घ्या, अंगठ्यानं गोटी आत ढकला. फस्स! होय, आपल्या गोटी सोड्याची बाटली. ती मूळची इंग्लंडचीच. वर कड्यावरच्या हॉटेलापाशी उंच डोलकाठी दिसते ना? मार्कोनी नावाचा तरुण तिथून तारेवाचून संदेश पाठवतो, असं शेजारचे आजोबा डोळे मोठे करून सांगतायत. ऐका, पण थांबू नका.

खडूच्या पांढऱ्या कड्यापाशी जा. आता समुद्र डाव्या हाताला ठेवून चालायला लागा. खडू सात कोटी वर्षांहून जुना. पुढची लाल माती त्यानंतरची, रंगीत वाळू त्याहून अलीकडची, साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीची. कधी समुद्रानं, कधी नदीनं हे थर एकावर एक आडवेच अंथरले होते. आल्प्स पर्वत ज्या रेट्यानं उभे राहिले, त्याच रेट्यानं इथली जमीन मुडपली आणि थर उभे झाले, फळीवर लावलेल्या पुस्तकांसारखे. म्हणून इथे काळात शिरायला खणावं लागत नाही. नुसतं चालायचं.

हात लावून बघा. ऊन लागून कोमट झालेले कण बोटांखाली सुटतात, सर्रकन खाली येतात. कण स्फटिकाचे, रंग मुख्यतः लोखंडाचा. कोकणातल्या जांभ्याला लाली देणारं तेच गंजलेलं लोखंड. पांढऱ्या चिकणमातीत पानांचे ठसे सापडतात, तेही उष्ण हवेतल्या झाडांच्या पानांचे. या बेटावर एके काळी दमट, उबदार रान होतं.

तुमच्या भोवती सगळे वाळू भरण्यात दंग आहेत. लांब झग्यांचे घोळ पिवळे झालेत, पोरांची नाकं लाल. घंटेच्या आकाराच्या काचेच्या बाटलीत एकेक रंग हलक्या हातानं सोडायचा. काठोकाठ, दाबून भरा हं! जरा जागा उरली तर घरी पोचेपर्यंत सगळे रंग एक होतील.

एवढ्यात मागे मूठभर माती कोसळते. कुणी दचकत नाही. पावसाळी वाऱ्यात आणि थंडीत हा कडा सतत झिजत असतो, आणि म्हणूनच तो इतका झळझळीत आहे. स्थिर राहिला असता तर केव्हाच गवतानं झाकला असता. सारखा ढासळतो, म्हणून सारखा नवा दिसतो.

बोटीचा भोंगा वाजला. बाटलीला बूच मारा आणि पळा. रेघारेघांत हळद साचलेला तळहात मात्र घरी पोचेपर्यंत धुऊ नका.