लॅनफेअरचं खोरं : एकर सरकारचे, पाणी कंपनीचं

मंडळी, अमेरिकेतल्या होमस्टेड कायद्याचा कागदावरचा भाग आपण पाहिला. आता तो वाळवंटात कसा उतरला, ते पाहू. कॅलिफोर्नियाच्या पूर्वेकडे मोहावी वाळवंटात लॅनफेअरचं खोरं आहे. मुळात हा चेमेवेवी लोकांचा मुलूख. १८९३ साली गॉफ्सहून उत्तरेकडे, खाणींसाठी, रेल्वे आली. १८९४ साली रॉक स्प्रिंग्ज लँड अँड कॅटल कंपनी उभी राहिली. या कंपनीनं झरे आणि विहिरी हाताखाली घेतल्या. आजूबाजूची सरकारी जमीन विकत घ्यायची गरजच काय? गुरं पाण्यापासून लांब जाऊ शकत नाहीत. म्हणजे पाणी ज्याचं, कुरणही त्याचंच.

१९१०च्या सुमारास शेतकरी आले. अर्नेस्ट लॅनफेअर यांच्या नावावरून खोऱ्याला नाव पडलं. कृष्णवर्णीय कुटुंबांनीही इथं दावे लावले. त्यांच्या वस्तीजवळच्या टपाल कचेरीचं नाव होतं डनबार. स्वतःच्या नावावर जमीन होणं, ही या कुटुंबांसाठी केवढी गोष्ट होती! पहिली काही वर्षं पाऊस बरा झाला, कोरडवाहू पिकं उभी राहिली, शाळा निघाल्या.

पण प्यायचं पाणी आणायचं कुठून? कंपनी झऱ्यांवर येऊ देईना. कंपनीची गुरं उभ्या पिकात शिरत, आणि शेतकऱ्यांवर गुरं मारल्याचा आळ येई. पुढं पाऊसही आटला. १९२३ साली रेल्वे बंद पडली, नि बहुतेक घरं ओस पडली. ८ नोव्हेंबर १९२५ला गव्हर्नमेंट होल्स या विहिरीपाशी मॅट बर्ट्‌स आणि बिल रॉबिन्सन यांनी एकमेकांना गोळ्या घातल्या. रॉबिन्सन कंपनीचा माणूस, बर्ट्‌स शेतकऱ्यांच्या बाजूचा. दोघंही मेले.

त्यानंतर खोऱ्यात राहिली ती मुख्यतः गुरंच. पुढे ती कंपनीही मोडली, पण ओएक्स रँच आणि इतर रँचेसनी चराई चालू ठेवली. १९९४ पासून हा भाग मोहावी नॅशनल प्रिझर्व्हमध्ये आहे.

शेतकरी आळशी होते म्हणून हरले, असं आपल्याला म्हणता येणार नाही. कायद्यानं आधी १६० एकर दिले, कोरड्या मुलखात मग ३२०, आणि १९१६ साली चराऊ जमिनीसाठी ६४०. दर वेळी एकर वाढले. झऱ्यावरचा हक्क मात्र त्या पट्ट्यात कधीच नव्हता. जमीनवाटपाचा कुठलाही कायदा वाचताना आपण म्हणून आधी एवढंच विचारावं : पाणी कोणाच्या नावावर आहे?