राखणदारावर राखण कोणाची?

६ मार्च १९९२ हा शुक्रवार होता. त्याच्या आधींचे कांहीं आठवडे अमेरिकेंतील वर्तमानपत्रें एका अदृश्य शत्रूच्या बातम्यांनीं भरून गेलीं होतीं. हा शत्रु म्हणजे ‘मायकेलअँजेलो’ नांवाचा संगणकांतील व्हायरस. फ्लॉपीच्या तबकडीबरोबर तो एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत शिरे, वर्षभर निमूटपणें पडून राही, आणि ६ मार्चला यंत्र सुरू होतांच त्याच्या हार्ड डिस्कचा आरंभींचा भाग खरडून टाकी. इटलीच्या त्या थोर शिल्पकाराचा जन्म १४७५ सालीं याच तारखेस झाला, एवढ्यावरूनच हें नांव पडलें; व्हायरसच्या पोटांत शिल्पकाराचा उल्लेखहि नव्हता. जगांतील पन्नास लाखांपर्यंत यंत्रें निकामी होतील, असा जो आंकडा त्या वेळीं सर्वतोमुखीं झाला, तो जॉन मॅकॅफी यांच्या नांवावर छापला गेला होता. आणि मॅकॅफी हे तर व्हायरस हुडकून काढणारें सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचे संस्थापक!

शुक्रवार उजाडला आणि मावळला. यंत्रें बिघडलीं नाहींत असें नाहीं. पण सर्वसाधारण अंदाजाप्रमाणें तीं दहा-वीस हजारांच्या फारशीं पलीकडे गेलीं नाहींत. मध्यंतरीं अँटिव्हायरसचा खप मात्र सपाटून वाढला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मॅकॅफी यांच्या कंपनीचे भाग शेअरबाजारांत विक्रीस आले.

यावरून एक निष्कर्ष चटकन् काढतां येतो: ज्यांनीं औषध विकावयाचें त्यांनींच साथीची हूल उठविली. परंतु हा निष्कर्ष वाटतो तितका पक्का नाहीं. त्या आठवड्यांत असंख्य लोकांनीं आपलीं यंत्रें तपासून घेतलीं, कित्येकांनीं यंत्रांतील तारीख पुढें ढकलली, कांहींनीं तर त्या दिवशीं यंत्राला हातच लावला नाहीं. मग आंकडा लहान राहिला तो संकट लहान होतें म्हणून, कीं सावधगिरी मोठी होती म्हणून? टळलेलें संकट आणि मुळांत नसलेलें संकट हीं दिसावयास अगदीं सारखीं असतात. देवीची लस टोचलेल्या एका मुलाला देवी आल्या नाहींत, एवढ्यानें लस गुणकारी ठरत नाहीं. त्यासाठीं गांवेंच्या गांवें मोजावीं लागतात. गृहस्थाच्या घरीं मात्र यंत्र एकच असतें. त्यावर वर्षभर कांहीं अनिष्ट घडलें नाहीं, तर त्याचें श्रेय राखणदाराला द्यावें कीं दैवाला, हें त्यानें कशावरून ठरवावें? अँटिव्हायरसच्या विश्वासार्हतेचा जो प्रश्न आहे, त्याचें मूळ येथें आहे.

या राखणदारांचा जन्म फार जुना नाहीं. १९८३ सालीं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत फ्रेड कोहेन नांवाच्या विद्यार्थ्यानें स्वतःची नक्कल दुसऱ्या आज्ञावलींत घालणारी एक आज्ञावली करून दाखविली, आणि त्याचे गुरु लेन ॲडलमन यांनीं तिला ‘व्हायरस’ हें नांव सुचविलें. पुढें १९८६ सालीं लाहोरच्या दोघां भावांचा ‘ब्रेन’ हा व्हायरस जगभर फिरला. त्यांत त्यांनीं आपलीं नांवें, पत्ता आणि टेलिफोनचा क्रमांकहि घालून ठेवला होता. पुढील चोरांच्या मानानें ही सभ्यताच म्हणावयाची. १९८७ सालीं जर्मनींत बर्न्ट फिक्स यानें ‘व्हिएन्ना’ नांवाच्या व्हायरसचा बंदोबस्त केला, आणि त्याच सुमारास अमेरिका, जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया अशा निरनिराळ्या ठिकाणीं असल्या उताऱ्यांचे कारखाने निघाले.

याच कोहेननें आणखी एक गोष्ट सिद्ध करून ठेवली, आणि ती विक्रेत्यांच्या जाहिरातींत सहसा आढळत नाहीं. कोणतीहि आज्ञावली दिली असतां ती व्हायरस आहे किंवा नाहीं हें दर वेळीं अचूक सांगणारा परीक्षक निर्माण होणें अशक्य आहे, असा त्याचा सिद्धान्त. त्यांतील युक्ति मोठी मौजेची आहे. समजा, असा परीक्षक अस्तित्वांत आहे. मग एखादा लबाड अशी आज्ञावली लिहील, कीं ती प्रथम त्या परीक्षकालाच विचारील, “मी व्हायरस आहें काय?” ‘होय’ असें उत्तर आलें, तर ती स्वस्थ बसेल, ‘नाहीं’ असें आलें, तर पसरत सुटेल. म्हणजे परीक्षकानें कांहींहि म्हटलें तरी तो खोटाच पडावयाचा! तेव्हां ‘शंभर टक्के संरक्षण’ हे शब्द ज्या खोक्यावर छापलेले असतील, त्या खोक्यानें आपल्या सत्यनिष्ठेची परीक्षा दुकानांतच दिली असें समजावयास हरकत नाहीं. २०१४ सालीं सिमँटेक या बड्या कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानेंच वर्तमानपत्राला सांगून टाकलें, कीं अँटिव्हायरस आतां मृतप्राय असून त्याच्या हातीं शेंकडा ४५ च हल्ले लागतात. अर्थात् कंपनीला त्या वेळीं दुसऱ्या प्रकारचा माल विकावयाचा होता, हेंहि विसरूं नये.

अपूर्ण राखण ही एक गोष्ट झाली. पण राखणदाराला राखण करावयाची तर घराच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या हवालीं कराव्या लागतात. अँटिव्हायरस प्रत्येक कागद उघडून पाहतो, यंत्राच्या अगदीं गाभाऱ्यांत बसतो, आणि संशयितास परस्पर कोंडून ठेवण्याचा अधिकारहि त्याला असतो. अशाची चूक म्हणजे परक्याच्या चुकीहून भयंकर. २१ एप्रिल २०१० या दिवशीं मॅकॅफी कंपनीनें संशयितांची जी नवी यादी धाडली, तींत विंडोज एक्सपी या प्रणालीचाच एक अत्यावश्यक भाग व्हायरस म्हणून ठरविला गेला. राखणदारानें इमानें इतबारें त्याला धरलें. आणि कचेऱ्यांतील व इस्पितळांतील यंत्रें पुनःपुन्हां बंद होऊन सुरू होत बसलीं. चोरानें जें केलें नसतें तें राखणदारानें केलें. २०१६ सालीं तर गूगलच्या एका संशोधकानें दाखवून दिलें, कीं सिमँटेकच्या मालांत असे दोष आहेत कीं नुसतें एखादें पत्र येऊन पडलें आणि राखणदारानें तें तपासावयास घेतलें, कीं त्या तपासणींतूनच चोराला आंत वाट मिळावी.

मग माल कोणाचा घ्यावा? पहिल्या काळांत हा निर्णय बहुधा तोंडओळखीनें होई. पुण्याचेंच उदाहरण घेतां येईल. कैलास काटकर यांचें तेथें कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्तीचें दुकान होतें. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत बिघाडापेक्षां व्हायरसच अधिक आढळूं लागले, तेव्हां संगणकशास्त्र शिकत असलेले त्यांचे धाकटे बंधु संजय यांनीं ते काढून टाकणाऱ्या आज्ञावली लिहिल्या, आणि त्यांतूनच पुढें ‘क्विक हील’ उभें राहिलें. यंत्र नीट करून देणारा कारागीर समोर उभा असला, म्हणजे त्याच्या हातचा उतारा घेण्यास कोणी फारसे आढेवेढे घेत नाहीं. परंतु इंटरनेटवरून माल घरांत येऊं लागला, आणि विकणाऱ्याचें तोंडच दिसेनासें झालें.

याचा पुरेपूर फायदा भोंदूंनीं घेतला. संगणकाच्या पडद्यावर एकाएकीं सूचना झळके, कीं यंत्र व्हायरसनें भरलें आहे, त्वरित अमुक सॉफ्टवेअर विकत घ्यावें. व्हायरस नसे, तपासणीहि झालेली नसे. खरें होतें तें फक्त पैसे घेणें. २००८ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें अशा एका टोळीवर न्यायालयांत दावा लावला. तिनें दहा लाखांहून अधिक गिऱ्हाइकांना गंडविलें होतें. या लोकांनीं गिऱ्हाइकांच्या हव्यासाला कधींच हात घातला नाहीं. हात घातला तो त्यांच्या दक्षतेला. जो निष्काळजी, तो अशा सूचनेकडे ढुंकून पाहत नाहीं. फसतो तो काळजी घेणारा.

विश्वासाचें काम त्रयस्थाकडे सोंपवावें, हा मार्ग शहाण्यांना तेव्हांच सुचला होता. ‘व्हायरस बुलेटिन’ हें इंग्लंडांतील नियतकालिक १९८९ सालीं निघालें, आणि पुढें हें परीक्षण करूं लागलें; जर्मनींत माग्डेबुर्ग येथें ‘एव्ही-टेस्ट’ आणि ऑस्ट्रियांत इन्सब्रुक येथें ‘एव्ही-कंपॅरेटिव्हज्’ या संस्था निघाल्या. हजारों नमुने पुढें टाकून कोणी किती धरले, निरपराध किती धरले, यंत्राचा वेग किती मंदावला, हें त्या मोजतात. वर सांगितलेल्या गांवेंच्या गांवें मोजण्याचा प्रकार तो हाच, आणि सामान्य गृहस्थाच्या हातीं याहून बरें साधन नाहीं. तथापि परीक्षेचा खर्च पुष्कळदां परीक्षार्थीच देतो, हें ध्यानांत ठेवावें. आणि परीक्षार्थी कॉपी करूं शकतो हेंहि. २०१५ सालीं वरील तिन्ही संस्थांनीं मिळून चीनच्या ‘चीहू ३६०’ या कंपनीचीं त्या वर्षीं दिलेलीं प्रशस्तिपत्रें परत घेतलीं. परीक्षेला धाडलेल्या मालांत दुसऱ्या एका कंपनीचें उत्तम यंत्र चालू करून ठेवलें होतें. गिऱ्हाइकांना मिळणाऱ्या मालांत तें बंद असे. दुधाचा नमुना तपासनिसाकडे निर्भेळ पाठवावयाचा आणि रतीब पाण्याचा घालावयाचा, त्यांतलाच हा प्रकार. पण त्याच संस्थांनीं ही लबाडी उघडकीस आणली, हें त्यांच्या बाजूस मोठेंच माप आहे.

परीक्षेंत न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे राखणदाराचा पोटापाण्याचा धंदा. प्रागच्या ‘अव्हास्ट’चा इतिहास मोठा मानाचा. १९८८ सालीं पावेल बाउदिश यांनीं व्हिएन्ना व्हायरसवर उतारा शोधला, तेथून तिचा आरंभ. पुढें आपला माल घरगुती वापरासाठीं फुकट देऊन तिनें कोट्यवधि यंत्रांत जागा मिळविली. परीक्षेंतहि तिला गुण चांगले पडत. २०२० च्या जानेवारींत मात्र पत्रकारांनीं उघड केलें, कीं गिऱ्हाईक कोणतीं पानें पाहतो, काय शोधतो, याची बारीक नोंद ‘जंपशॉट’ या पोटकंपनीमार्फत विकली जात होती. कंपनीनें त्याच महिन्यांत तो व्यवहार गुंडाळला. अमेरिकन आयोगाच्या म्हणण्याप्रमाणें २०१४ ते २०२० या काळांत शंभराहून अधिक ठिकाणीं ही माहिती गेली, आणि २०२४ सालीं कंपनीवर १ कोटी ६५ लक्ष डॉलर भरण्याची पाळी आली. यांतली बोंच अशी, कीं इतरांनीं चालविलेली पाळत आम्ही बंद पाडतों, असें सांगूनच तो माल घरांत शिरला होता.

कॅस्परस्कीचें प्रकरण याहून अवघड. मॉस्कोच्या या कंपनीचें कसब तिच्या विरोधकांनींहि नाकारलें नाहीं. २०१४ सालीं अमेरिकेच्या गुप्त संस्थेंत काम करणाऱ्या एका मनुष्यानें सरकारी रहस्यें घरच्या यंत्रावर नेलीं होतीं. त्याच यंत्रावर त्यानें चोरीचें सॉफ्टवेअर घातलें, आणि व्हायरस शिरला म्हणून कॅस्परस्कीला तपासावयास लावलें. राखणदाराला तेथें सरकारचींच हेरगिरीचीं हत्यारें सांपडलीं, आणि नियमाप्रमाणें नमुना मॉस्कोस गेला. काय तें समजतांच नमुना नष्ट केला, असें कंपनी म्हणाली. वाशिंग्टनला तें पटलें नाहीं. सप्टेंबर २०१७ मध्यें अमेरिकन सरकारी कचेऱ्यांतून, आणि २० जुलै २०२४ पासून तेथील सर्व बाजारांतून हा नवा माल विकण्यास बंदी झाली. येथें कसबाची शंका कोणालाच नव्हती. ज्या राज्यांत राखणदाराचें बिऱ्हाड आहे, त्या राज्यानें किल्ल्या मागितल्या तर तो नाहीं म्हणूं शकेल काय, एवढीच शंका होती. आणि तिचें उत्तर कोणत्याहि प्रयोगशाळेंत मिळण्यासारखें नव्हतें. किंबहुना हाच प्रश्न वाशिंग्टनच्या कंपन्यांना मॉस्कोनें विचारावयासहि कांहीं प्रत्यवाय नाहीं.

इकडे मायक्रोसॉफ्टनें २००९ सालीं स्वतःचा फुकट अँटिव्हायरस काढला, आणि २०१२ पासून तो विंडोजमध्येंच बसवून दिला. आरंभीं परीक्षांत तो मागें पडे. पुढें त्याचे गुण बरेच सुधारले. ज्याच्या हातीं सारें घरच आधीं दिलेलें आहे त्यालाच राखणीचें काम सांगितलें, तर निदान किल्ल्यांचा दुसरा जुडगा बाहेर जात नाहीं. आणि साध्या घरगुती कामासाठीं आज पुष्कळ जाणते लोक एवढ्यावरच भागवितात. बाकीचा भार ते सॉफ्टवेअर वेळच्या वेळीं अद्ययावत् करण्यावर आणि कागदपत्रांची प्रत निराळी जपून ठेवण्यावर टाकतात.

अमेरिकेंतल्या कॅस्परस्कीच्या गिऱ्हाइकांचें पुढें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. बंदीच्या अटीप्रमाणें २९ सप्टेंबर २०२४ नंतर त्यांना नवी यादी मिळणार नव्हती. म्हणून कंपनीनें तीं गिऱ्हाइकें एका अमेरिकन कंपनीच्या ‘अल्ट्रा एव्ही’कडे वर्ग केलीं. पत्रानें तशी सूचना गेली होती. पण ती न वाचलेल्या अनेकांनीं त्या महिन्यांत एके सकाळीं आपलें यंत्र उघडलें, तों जुना राखणदार निघून गेलेला, आणि त्याच्या जागीं, कधीं नांवहि न ऐकलेला दुसराच कोणी किल्ल्या घेऊन बसलेला. कित्येकांना तो व्हायरसच वाटला.