धुराकडून वाफेकडे

व्यापाराच्या इतिहासांत एक चमत्कारिक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. ज्या वस्तूमुळें एखादा धंदा बुडावयाचा, ती वस्तु तो धंदाच पुष्कळदां विकत घेतो. विजेच्या सिगारेटीचा वृत्तांत हें याचें अगदीं अलीकडील उदाहरण होय.

ही सिगारेट म्हणजे काय, तें प्रथम सांगतों. नेहमींची सिगारेट जळते. त्या जळण्यानें धूर, डांबर आणि विषारी वायु उत्पन्न होतात. विजेच्या सिगारेटींत कांहींच जळत नाहीं. लहानशा बॅटरीनें एक तार तापते, निकोटिन मिसळलेल्या द्रवाची वाफ होते आणि ओढणारा ती छातींत घेतो. धूर गेला, पण ज्यामुळें व्यसन जडतें तें निकोटिन राहिलें.

तिला हल्लींचें रूप २००३ सालीं चीनमधील होन लिक नांवाच्या औषधशास्त्रज्ञानें दिलें. हा गृहस्थ स्वतः अट्टल धूम्रपानी होता व त्याला त्यांतून सुटका हवी होती. सुटकेसाठीं काढलेलें हें साधन पुढें कोणाच्या हातीं गेलें? दहा वर्षांनीं, २०१३ सालीं, इंग्लंडच्या इंपीरियल टोबॅको कंपनीनें त्याचीं पेटंटें साडेसात कोटी डॉलरांस विकत घेतलीं!

त्या सुमारास सर्वच बड्या कंपन्यांस जाग आली होती. श्रीमंत देशांत सिगारेट ओढणारांची संख्या घटत चालली होती, हें त्याचें उघड कारण. अमेरिकेंतील लॉरिलार्ड कंपनीनें २०१२ सालीं ‘ब्लू’ हा छाप साडेतेरा कोटी डॉलरांस घेतला. पुढच्याच वर्षीं रेनॉल्ड्सनें ‘व्ह्यूज’, अल्ट्रियानें ‘मार्कटेन’ व ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोनें ‘व्हाइप’ हे छाप बाजारांत आणिले.

लॉरिलार्डचें नांव निघालें म्हणून एक जुनी हकीकत सांगितली पाहिजे. १९५० सालीं इंग्लंड व अमेरिका येथील संशोधकांनीं धूम्रपानाचा फुफ्फुसाच्या कर्करोगाशीं संबंध दाखविला आणि लोक घाबरले. १९५२ सालीं याच कंपनीनें ‘केंट’ सिगारेट काढिली व तिच्या गाळणीनें आरोग्याचें रक्षण होतें अशी ग्वाही दिली. त्या गाळणींत ॲस्बेस्टॉस होतें, आणि १९५६ पर्यंत तें तसेंच राहिलें! ॲस्बेस्टॉस स्वतःच कर्करोगाचें कारण आहे. पुढें ‘सौम्य’ सिगारेटींची लाट आली. ओढणारा दीर्घ झुरके घेऊन आपलें निकोटिन भरून काढी, त्यामुळें धोका होता तसाच राहिला. कंपन्यांनीं लोकांस फसविलें असा निर्णय अमेरिकेच्या न्यायालयानें २००६ सालीं दिला. भीति उत्पन्न झाली कीं निर्धास्तपणा विकावयाचा, असा हा जुना शिरस्ता.

मग वाफेचा प्रकारहि तोच काय? येथें न्यायबुद्धि सोडूं नये. जळण नसल्यामुळें या वाफेंत सिगारेटीच्या धुरापेक्षां विषारी द्रव्यें पुष्कळच कमी असतात, हें इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेनेंहि सांगितलें आहे. जुन्या व्यसनी माणसानें सिगारेट सर्वस्वीं टाकून ही घेतली, तर त्याचा लाभ होईल. पण ज्यानें कधीं ओढलीच नाहीं, त्या मुलाचें काय?

२०१५ सालीं निघालेलें ‘जूल’ हें यंत्र संगणकाच्या पेन ड्राइव्हसारखें दिसे, आणि अमेरिकेंतील शाळांत मुलें तें वापरूं लागलीं. मुलाच्या मुठींत काय दडलें आहे हें ओळखण्यांत माझा जन्म गेला. परंतु हें मलाहि ओळखतां आलें नसतें. १८ डिसेंबर २०१८ रोजीं त्या देशाच्या सर्जन जनरलनीं मुलांमध्यें या व्यसनाची साथ पसरल्याचें जाहीर केलें. अवघ्या दोन दिवसांनीं, अमेरिकेंत ‘मार्लबरो’ विकणाऱ्या अल्ट्रियानें जूलचा ३५ टक्के हिस्सा १,२८० कोटी डॉलरांस घेतल्याचें जाहीर केलें! हा सौदा अंगाशीं आला व २०२३ सालीं तो हिस्सा सोडावा लागला. तरी त्याच वर्षीं अल्ट्रियानें ‘एनजॉय’ ही दुसरी वाफेची कंपनी २७५ कोटी डॉलरांस घेतली.

आपल्या देशांत २०१९ सालच्या कायद्यानें या यंत्रांचें उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात हीं सर्व बंद झालीं. विडी-सिगारेटींचीं दुकानें मात्र उघडींच राहिलीं.

होन लिकला सुटका हवी होती; कंपन्यांस गिऱ्हाईक हवें होतें. ज्याचें उत्पन्न दुसऱ्याच्या सवयीवर अवलंबून आहे, तो ती सवय सुटावी म्हणून कितपत झटेल? निर्धोक म्हणून कोणी नवी वस्तु पुढें केली, तर ती हातीं घेण्यापूर्वीं देणाराचा मागील हिशोब तपासून पाहावा. घराघरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलांस इतका इतिहास तरी अवश्य सांगावा.