सहा चमचे कशाचे?



परवा माझ्या नातीला शाळेत आरोग्याची दूत नेमलं. २०२० मध्ये केंद्र सरकारनं जी शाळा-आरोग्य योजना आणली, तिच्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक तयार करायचे आणि वर्गाच्या मॉनिटर मुलांनी ते बाकीच्यांपर्यंत पोचवायचं, अशी रचना आहे. "आजी, तुझ्या वेळी असलं काही नव्हतं ना?" तिनं विचारलं. होतं गं बाई. आणि त्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती. तीच आज इथे लिहिते.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या बडोद्याचा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली आणि भारतातल्या शालेय आरोग्यसेवेची सुरुवात तिथून मोजतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. पुढे मात्र देशभर हे काम रेंगाळलं. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात अशी सेवा जवळजवळ नाहीच, असा शेरा आहे.

त्या तपासणीत मुलानं गप्प उभं राहायचं आणि डॉक्टरांनी बघायचं. मुलानंच दुसऱ्याला काही सांगावं, हा विचार नंतरचा. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालकवर्षाच्या निमित्तानं लंडनचे डॉ. डेव्हिड मोर्ले आणि सहकाऱ्यांनी 'चाइल्ड-टू-चाइल्ड' ही चळवळ उभी केली. मोठी भावंडं धाकट्यांना कडेवर घेऊन फिरतातच, मग त्यांनाच आरोग्याचे धडे द्या, इतकी साधी गोष्ट.

आमच्या मराठी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी ती कुठे वाचली, कोण जाणे. १९८२ च्या पावसाळ्यात आम्हा आठवीच्या मुलींना त्यांनी चौथीच्या वर्गावर पाठवलं. विषय होता जुलाब. पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडायचं, डबा पाण्यानं काठोकाठ भरायचा, तोंडावर ओलं फडकं पसरायचं. पाणी गळत गेलं की फडकं खोल जातं. "बाळाची टाळू अशीच खोल जाते," असं म्हटलं की मुलं एकदम चिडीचूप व्हायची. माझ्याच आजीचं ठाम मत होतं, की जुलाबात पाणी पाजलं की जुलाब वाढतात. त्यामुळे हे सांगणं गरजेचंच होतं.

मग कृती. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव घेऊन बघायची, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर द्यायचं नाही. मी घडाघडा सांगितलं, मुलांनी घडाघडा म्हणून दाखवलं. मला वाटलं, झालं काम.

चौथ्या दिवशी बाईंनी मला बाजूला बोलावलं. वर्गातल्या एका मुलाच्या शेजारी गुजराती कुटुंब होतं आणि त्यांच्या तान्ह्या बाळाला जुलाब लागले होते. हा पठ्ठ्या मोठ्या उत्साहानं शिकवायला गेला आणि म्हणाला, "मासी, छ चमची मीठुं." त्याच्या डोक्यात मीठुं म्हणजे गोड. पण गुजरातीत मिठालाही मीठुंच म्हणतात, आणि साखरेला खांड! मासींनी सहा चमचे मीठ घातलं. बाळाला पाजणार, तेवढ्यात पोरगं ओरडलं, "पहेलां चाखो!" मासींनी घोट घेतला आणि तसाच थुंकला.

एवढं मीठ तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं असतं तर ते जिवावर बेतलं असतं. मला रडू आवरेना. म्हटलं, "बाई, मी आता नाही जाणार वर्गावर." बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तूच जायचंस. तू सांगितलंस, पण त्यांच्याकडून करून घेतलं नाहीस. आणि तो हे घरी जाऊन कुठल्या भाषेत सांगणार, ते विचारलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी साखर, मीठ, चमचा आणि कळशी घेऊनच गेलो. प्रत्येकानं हातानं पाणी करायचं, चाखायचं आणि दोन्ही भाषांत बोलायचं: साखर म्हणजे खांड, मीठ म्हणजे मीठुं. तो मुलगा सगळ्यांत पुढे बसला होता.

पुढे वाचनात आलं, की १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं होतं आणि त्यानं असंख्य जीव वाचले. औषध तेव्हाही साधंच होतं, पण पाजणाऱ्याला ते नीट समजावं लागलं.

नातीला मी एवढंच सांगितलं: बिल्ला लाव, पण समोरच्याकडून करून घेतल्याशिवाय उठू नकोस. आणि आता आपल्याकडे ओआरएसची पुडी मिळते, ती आधी वापरायची.

तुमच्यापैकी कुणी शाळेत असं धाकट्यांना शिकवलं होतं का? बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, कुठलंही असो. आणि दोन भाषांच्या घोळात असं काही झालं होतं का? जरूर लिहा.