पाइप पायाखाली दाबून का कापू नये? 'पाइप व्हाइस' हे साधं अवजार नेमकं काय करतं?

इमारतीचं काम सुरू असेल तिथे हे दृश्य तुम्ही नक्की पाहिलं असेल. जमिनीवर लांबलचक लोखंडी पाइप पडलाय. एक जण त्यावर पाय देऊन हॅक्सॉ चालवतोय, दुसरा पाइप हलू नये म्हणून त्यावर चक्क बसलाय. कधी पाइप खिडकीच्या ग्रिलमध्ये अडकवलेला असतो, कधी दोन विटांच्या बेचक्यात. आणि एवढं करूनही तो फिरतोच!

खरं तर याच कामासाठी एक वेगळं अवजार मिळतं. त्याचं नाव पाइप व्हाइस. ते कसं चालतं आणि तुमच्या घरातल्या गळक्या नळाशी त्याचा काय संबंध आहे, समजून घेऊया.

गोल पाइप धरणं इतकं अवघड का?

वर्कशॉपमधल्या साध्या व्हाइसचे जबडे सपाट असतात. चौकोनी तुकडा त्यात घट्ट बसतो. गोल पाइपला मात्र हे जबडे फक्त दोन रेषांवर टेकतात, त्यामुळे थोडा जोर लावला की पाइप फिरतो. बरं, आणखी आवळावं तर पाइप आतून पोकळ. तो चेपतो आणि अंडाकृती होतो.

पाइप व्हाइसच्या जबड्याला इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच असते आणि त्या खाचेत दाते असतात. खाचेच्या दोन्ही उतारांवर पाइप टेकतो, म्हणजे दाब जास्त ठिकाणी वाटला जातो. दाते पाइपच्या पृष्ठभागात किंचित रुततात आणि त्याचं फिरणं थांबतं.

पायाचा जोर का पुरत नाही?

कापताना एक वेळ निभावतं. खरी परीक्षा असते आटे पाडताना. उदाहरण म्हणून १ इंची जीआय पाइप घेऊ. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ३३.७ मिमी असतो, म्हणजे केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर जेमतेम १.७ सेंमी. आटे पाडायच्या डायचा दांडा ६० सेंमी लांब आहे आणि प्लंबर त्याच्या टोकाला २० किलोचा जोर लावतोय असं समजा.

६० सेंमी म्हणजे १.७ सेंमीच्या सुमारे ३५ पट. त्यामुळे पाइप फिरू द्यायचा नसेल तर त्याच्या पृष्ठभागावर २० गुणिले ३५, म्हणजे जवळपास ७०० किलोची पकड लागते. ७० किलोचा माणूस पाइपवर उभा राहिला तरी घर्षणातून मिळणारी पकड याच्या आसपासही जात नाही.

साइटवर दिसणारे मुख्य प्रकार

- योक व्हाइस: याला दरवाज्याच्या चौकटीसारखा एक सांगाडा असतो. तो एका बाजूला बिजागरीवर उघडतो, त्यामुळे पाइप टोकाकडून ओवावा लागत नाही, बाजूने ठेवता येतो. मग चौकट बंद करून वरचा दांडा फिरवला की वरचा जबडा खाली येतो. कमी व्यासाच्या पाइपसाठी हा सोयीचा.

- चेन व्हाइस: यात वरच्या जबड्याऐवजी सायकलच्या चेनसारखी जाड साखळी असते. ती पाइपवरून टाकायची, दुसऱ्या बाजूच्या खाचेत अडकवायची आणि दांडा फिरवून ताणायची. साखळी पाइपला खालच्या दातेरी खाचेत दाबून धरते. बारीक पाइपपासून बऱ्याच जाड पाइपपर्यंत एकच व्हाइस चालतो.

- तिपाई स्टँड: वरच्या दोन्हींपैकी कोणताही व्हाइस तीन पायांच्या घडीच्या स्टँडवर बसवला की झालं चालतं-फिरतं वर्कशॉप. पाय तीनच का? चार पायांचं टेबल उंचसखल जागी डुगडुगतं, तीन पाय मात्र कुठेही एकाच वेळी टेकतात. आणि साइटवरची जमीन सपाट कधी असते?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९२३ साली सुरू झालेल्या 'रिजिड' या ब्रँडचे लाल रंगाचे तिपाई स्टँड या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत. काही स्टँडवर छताला टेकवायचा स्क्रू असतो, त्यामुळे स्टँड जमीन आणि छताच्या मध्ये घट्ट बसतो.

आता मुद्दा गळतीचा

पाइप हलला की काप तिरका जातो. तिरक्या टोकावर डायही तिरकी बसते आणि आटे एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ पडतात.

यात धोका किती? १ इंची पाइपला एका इंचात ११ आटे असतात आणि प्रत्येक आट्याची खोली साधारण दीड मिमी. निळ्या पट्ट्याच्या, म्हणजे मध्यम वर्गाच्या १ इंची जीआय पाइपची भिंत सुमारे ३.२ मिमी जाड असते. म्हणजे आटे अगदी सरळ पडले तरी जवळजवळ निम्मी भिंत कापली जाते! ते तिरके पडले, तर एका बाजूला उरलेली भिंत आणखी पातळ होते. मग एल्बो किंवा सॉकेट नीट बसत नाही आणि वर कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी सांधा कमकुवतच राहतो.

पाण्याची गळती निदान भिंतीवर ओल म्हणून दिसते. पण अनेक इमारतींमध्ये स्वयंपाकाच्या गॅसचे पाइपही जीआयचेच असतात. तिथली गळती डोळ्यांना दिसत नाही.

ग्राइंडर वापरताना जास्त काळजी का?

पाइप दोन्ही टोकांना टेकवून मध्ये कापला की काप पूर्ण होत आला तसा तो मधोमध खाली झुकतो. कापाची फट बंद होते आणि फिरणारी डिस्क त्यात अडकते. मग ग्राइंडर झटक्यात उसळतो किंवा डिस्क फुटते. पाइप पायाखाली असेल तर ही डिस्क पायापासून काही इंचांवरच फिरत असते.

म्हणून नियम सोपा आहे. एक बाजू व्हाइसमध्ये पक्की आणि कापून पडणारा तुकडा मोकळा. तुकडा लांब असेल तर त्याला हलका आधार द्यावा, पण कापाची फट मिटणार नाही अशा बेताने.

वापरताना हे लक्षात ठेवा

- स्टँडचे तिन्ही पाय पूर्ण उघडून टणक जागेवर ठेवा.
- लांब पाइपच्या मागच्या टोकाला वेगळा आधार द्या. २ इंची मध्यम जीआयचा ६ मीटरचा पाइप साधारण ३० किलोचा असतो. आधार नसेल तर तो स्टँड उलटवू शकतो.
- कापायची खूण जबड्यापासून चार-सहा इंचांवर ठेवा. फार लांब गेलात तर पाइप थरथरतो.
- दांडा हातानेच आवळा. जास्त जोरासाठी त्यात पाइपचा तुकडा घालू नका, स्क्रू किंवा साखळी तुटू शकते.
- दात्यांमध्ये अडकलेला कीस तारेच्या ब्रशने काढा. दाते झिजले असतील तर जबडा बदला.

प्लास्टिकच्या पाइपला चालतो का?

दातेरी जबडा सीपीव्हीसी, यूपीव्हीसी किंवा तांब्याच्या नळीवर थेट वापरू नये. ओरखडे पडतात आणि पातळ नळी चेपते. अशा पाइपसाठी रबर किंवा नायलॉनचं अस्तर असलेले जबडे मिळतात. जीआय पाइपवरही दात्यांचे खोल व्रण राहिले तर तिथला जस्ताचा थर निघतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून आवळायचं ते गरजेपुरतंच.

तुम्ही काय पाहाल?

घरी प्लंबिंगचं काम निघालं की आपण नळाचा ब्रँड विचारतो, टाइल्सचा रंग दहा वेळा बदलतो. पुढच्या वेळी आणखी एक प्रश्न विचारा: "दादा, पाइप कशावर कापणार?" उत्तर 'पायाखाली' असं आलं, तर व्हाइस मागवायला सांगा. त्यात त्यांच्या पायाचीही काळजी आहे आणि तुमच्या भिंतीचीही.